उकळलेली पूड

"अजून होतंयच हिला," सून मोरीतून म्हणाली. "दुपटी मोजायचंही सोडलं मी."

आजीनं नातीला मांडीवर ओढलं. लाडानं पोरीला ढब्बू म्हणत. आता गाल पार आत गेले होते. कान फुटला म्हणून औषध दिलं, तर कान बरा झाला आणि जुलाब लागले. आज संध्याकाळपर्यंत थांबलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वर म्हणाल्या होत्या, "आजी, औषधानं पोटातले चांगले जंतूही मेले. या पुडीत जिवंत जंतू आहेत. पाण्यात कालवून पाजा."

"जंतू आणि चांगले? मग चोरालाही साधू म्हणा!" आजी तिथंच फणकारली होती. तिचा उभा जन्म इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी उकळण्यात गेलेला. तिच्या हंड्यातून जंतूचा बापही सुटला नव्हता. घरात पोरीचा खुळखुळासुद्धा उकळून निघायचा. आणि आता तेच हातानं पाजायचे? पण पोरीकडे बघून तिनं पुढे जीभ आवरली होती.

तिनं शेगडीवरचं खळखळतं पाणी वाटीत ओतलं आणि पुडी फोडली.

"आई, उकळत्या पाण्यात?"

"मग काय नळाच्या घालू? कच्च्या पाण्यात जंतू असतात!"

"अहो, पण पुडीतले जिवंतच लागतात ना? कालपासून असंच देताय?"

आजीचा चमचा थांबला. "निववून पाजते गं. तोंड भाजेल तिचं."

"तोंड नाही भाजलं, आई. जंतू भाजले."

एरवी आजीनं एकाला चार शब्द सुनावले असते. आज तिनं वाटी मोरीत ओतून दिली. पुडीतले मारले ते चुकलं, की इतकी वर्षं मारत आले ते?

सुनेनं उकळून गार केलेलं पाणी आणलं. आजीनं दुसरी पुडी कालवली, वाटी उजेडात धरली.

"हलतायत का गं?"

"डोळ्यांना नाही दिसत ते."

"मग जिवंत आहेत, हे कळायचं कसं?"

ढब्बूनं आ केला. आजीनं चमचा ओठांशी नेला, तिथूनच मागे घेतला आणि वाटी सुनेच्या हातात दिली.

"तू पाज."

मग आजी पोरीच्या पोटावर अलगद हात ठेवून बसली, आत कुणी राहायला आलंय का, ते हाताला लागावं म्हणून.