शिक्का नंबर एकोणीस

अपेक्षाला पदवी मिळाली चौदा तारखेला, आणि त्याच दिवशी तिच्या शिक्क्याने चाळीस ब्रॅकेट पास झाले. ती त्या वेळी पुण्यात काळा झगा घालून रांगेत उभी होती. मग शिक्का मारला कुणी? ती कामाला होती त्या तळेगावच्या कारखान्यात या साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एकही माणूस तयार नव्हता.

जवळच्याच औंढे गावची ही पोरगी विमानाचं इंजिनिअरिंग शिकली, तेव्हा गावाला वाटलं, आता ही विमान उडवणार. नोकरी लागली ती तपासणी विभागात. विमानाच्या सीटखाली बसणारे मुठीएवढे धातूचे ब्रॅकेट घ्यायचे, त्यांची भोकं मोजायची, बरोबर असली तर शिक्का मारायचा. शिक्का करंगळीएवढा, त्यावर नुसता एकोणीस हा आकडा. पण तो तिचा होता. ज्याचा शिक्का त्यानेच मारायचा, हा या कामाचा पहिला नियम. पुढे काही बिघडलं तर आकड्यावरून माणूस सापडतो. आकडा मिळाला त्या दिवशी तिने पेढे वाटले होते.

शेवटी विभागप्रमुख माधवरावांनी तिला समोर बसवलं. माणूस गोड बोलणारा.

"अगं, लॉट अडला होता. तू सुट्टीवर. मशीन तेच, कारागीर तेच, म्हटलं, ड्रॉवरमधला तुझा शिक्का मारून टाकू. उद्या कस्टमरकडून रतन माल तपासायला यायचेत. तू रिपोर्टवर चौदा तारखेची सही कर, म्हणजे झालं."

"मोजलेत का सर ते?"

"तुझं कन्फर्मेशनचं लेटर टेबलावर तयार आहे," माधवराव हसून म्हणाले. "नव्या माणसाने जरा जुळवून घ्यावं."

अपेक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं ज्या मास्तरांनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी मार्क कापले, ते काय वेडे होते? कारखान्याजवळच्या घोरावाडी स्टेशनावर गाडीची वाट बघताना ती स्वतःशीच भांडत होती.

घरी जेवताना तिने सगळं सांगितलं. तिचे वडील कोंडाजी भाकरी मोडत म्हणाले, "त्यात काय येवढं? तुजी आय सरपंच हाय, पर शिक्का मीच मारतो न्हवं? गाव चाललंय की."

"आबा, विमानात माणसं बसतात!"

"पर तुजी नोकरी जाईल त्याचं काय? साहेब बरा माणूस दिसतोय."

अपेक्षाची आई सरुबाई चुलीपाशी होती. तिने तवा खाली उतरवला.

"व्हय, गाव चाललंय," ती म्हणाली. "मागल्या म्हयन्यात लीलाबाईनं मला भर रस्त्यात शिव्या घातल्या. म्हणं मी तिच्या घराची नोंद अडवली. मी तर त्यो कागद डोळ्यानं बगितला बी न्हवता. तुमी नकाराचा शिक्का मारून मोकळं झाला, आन तोंड काळं माजं झालं."

कोंडाजींनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"तू सही करू नगंस," सरुबाई लेकीला म्हणाली. "न मोजता तर न्हाईच न्हाई."

सकाळी अपेक्षाने चाळीस ब्रॅकेटांना माल रोखल्याच्या लाल चिठ्ठ्या लावल्या आणि मोजायला बसली. माधवराव दोनदा येऊन गेले, एकदा समजावायला आणि एकदा ओरडायला. तिने मान वर केली नाही. दुपारी तीनला चाळिसाव्या ब्रॅकेटचं शेवटचं भोक मोजून झालं. सगळे बरोबर होते. एकही वाया गेलेला नव्हता.

माधवरावांचा चेहरा खुलला. "पाहिलंस? मी काय म्हणत होतो! उगाच दिवस घालवलास. चल, आता चौदा तारीख घालून सही कर."

"बरोबर आहेत हे तुम्हाला आत्ता कळलं सर," अपेक्षा म्हणाली. "चौदा तारखेला तुम्हाला काहीही माहीत नव्हतं. आणि ते काहीही माहीत नसणं तुम्ही माझ्या नावावर खपवलंत!"

तिने रिपोर्टवर आजची तारीख घातली. खाली एक ओळ लिहिली: 'चौदा तारखेचा शिक्का मी मारलेला नाही, त्या दिवशी मी रजेवर होते.' मग सही केली.

"ही ओळ खोड," माधवराव हळूच म्हणाले. आता गोडवा उरला नव्हता. "ही ओळ रतनच्या हातात पडली, तर तुझं लेटर निघायचं नाही. लक्षात ठेव."

रतन कॅन्टीनमध्ये चहा घेत होते. अपेक्षाने कागद उचलला आणि दाराशी थांबली.

"नाही निघालं तर कारणही लिहा सर," ती म्हणाली. "आणि त्याखाली सही मात्र तुमची स्वतःची करा."

आणि ती कॅन्टीनकडे निघाली.