कोंबड्यांत मोजलेली ससुली

मित्रांनो, मी एक म्हातारी ससुली आहे. जपानमधल्या एका बेटावरच्या शाळेच्या खुराड्यात माझी बहुतेक हयात गेली. शेजारणी म्हणून नशिबी आल्या दोन कोंबड्या. मी पांढरीफटक, म्हणून मुलांनी माझं नाव ठेवलं ओकारा. टोफू करताना सोयाबीनचं दूध गाळून जो चोथा उरतो, तो ओकारा. टोफूवाल्याकडून तो माझ्यासाठी यायचाही. म्हणजे मी माझंच नाव खाऊन वाढले.

एका गोष्टीचा मात्र मला जन्मभर राग होता. इथे मोजताना आकड्याला ज्याची त्याची वेगळी शेपटी लावतात. कुत्र्या-मांजरांना 'हिकी', पक्ष्यांना 'वा'. आणि सशाला? सशालाही 'वा'. फार पूर्वी भिक्षूंना चार पायांच्या प्राण्यांचं मांस वर्ज्य होतं, पक्ष्यांचं चालायचं. तेव्हा कुणीतरी जिभेचे चोचले पुरवायला आमच्या कानांना पंख ठरवलं म्हणे. खरंखोटं देव जाणे. पण रोज सकाळी मुलं जाळीपाशी येऊन मोजत, 'इची-वा, नी-वा, सान-वा', आणि तिसरी मी असे.

मी कसली पक्षी? चिनात्सु नावाची मुलगी पहिलीत होती, तेव्हा मला पिल्लं झाली. त्यांच्या अंगावर लव नव्हती, डोळे मिटलेले होते. मी माझ्या छातीचे केस उपटून त्यांना बिछाना केला. दिवसातून एकदाच, पहाटे, मी त्यांना पाजत असे. चिनात्सु लवकर येऊन ते बघत बसायची. पुढे पिल्लं मोठी झाली आणि एकेक करून बोटीने पलीकडच्या गावांना गेली. एकाचीही खबर नाही. सशाच्या आईला कोण कळवतो?

मग बेटावरची मुलंही तशीच बोटीने जाऊ लागली. शेवटी सहावीत चिनात्सु एकटीच उरली, आणि शिकवायला इगुची बाई. सस्तन प्राण्यांच्या धड्याला बाई सगळा वर्ग माझ्यापाशी घेऊन आल्या. वर्ग म्हणजे चिनात्सु. बाई म्हणाल्या, गरम रक्त तर कोंबडीलाही असतं. अंगावर केस आणि पिल्लांना आईचं दूध, ही सस्तनांची खूण. त्यांची घराणी तीन. प्लॅटिपससारखे अंडी घालतात, तरी पिल्लांना दूध पाजतात. कांगारूसारखे इवलंसं पिल्लू पिशवीत वाढवतात. बाकीचे पोटातच पिल्लाची पुरती वाढ करतात. त्या तिसऱ्या घराण्यात देवमासा, वटवाघूळ, बाई, चिनात्सु आणि मी. मला उंदरांत ढकलतात तेही चूक. माझ्या वरच्या दातांमागे दोन बारीक दात लपलेले आहेत, ते उंदराला नसतात. चिनात्सुने माझा ओठ उचलून खात्री केलीच. एवढं मोठं गणगोत ऐकून माझा ऊर भरून आला. पण खुराड्यात त्यातलं कुणीच नव्हतं.

"मग हिला 'वा' का म्हणायचं, बाई?"

"सवय गं. भाषेला शास्त्र कुठं कळतं?"

मार्चअखेर शाळा कायमची बंद होणार होती. चिनात्सु शहरात जाणार, आणि तिथल्या इमारतीत प्राणी ठेवायला बंदी. बाईंचीही बदली झालेली. डोंगरापलीकडे कुसाका आजोबा कोंबड्या पाळत. बाईंनी त्यांना फोन केला, 'तीन वा' आहेत, न्याल का? ते लगेच हो म्हणाले. आले ते कोंबड्यांची टोपली घेऊनच. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, ही अंडी देणार आहे का?"

बाई ओशाळल्या. आजोबांनी दोन्ही कोंबड्या टोपलीत घातल्या आणि ते चालू लागले. जन्मभर मी त्या दोघींना नावं ठेवली. पण खुराडं रिकामं झालं तेव्हा कळलं, की थंडीत माझी पाठ त्यांच्याच पिसांना टेकलेली असायची. आता मला कोण नेणार? मी कोपऱ्यात जाऊन बसले. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात चिनात्सु फाटकात आडवी उभी राहिली.

"आजोबा, फोनवर किती न्यायचं कबूल केलंत?"

"तीन वा."

"मग मोजा."

आजोबांनी टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कुरकुरत मोजलं, 'इची-वा, नी-वा'. मग टोपली खाली ठेवून खुराड्याकडे परत आले.

"वकील होशील तू, पोरी," असं म्हणून त्यांनी खुराड्यात वाकून आपला रुंद तळवा माझ्या पोटाखाली घातला. "सान-वा."

चिनात्सुने माझ्या कानांवरून हात फिरवला आणि ती बोटीकडे गेली. अजून आलेली नाही. येईल, असं मी मला सांगत असते.

इथे आजोबांकडे रात्री कोंबड्या दांडीवर चढून बसतात, मी खाली पेंढ्यावर. त्यांच्या गप्पा अंड्यांच्या. माझी भाषा बोलणारं कुणी नाही. पण दिवेलागणीला दार लावण्याआधी आजोबा सगळ्यांना मोजतात. एकदा मी पेंढ्यामागे झोपून गेले होते. आकडा एकाने कमी भरला, तर म्हाताऱ्याने कंदील आणून मला शोधून काढलं आणि मगच दार लावलं.

मित्रांनो, घरी जीव आणाल तर आधी त्याची जात ओळखा. त्याला त्याचं खाणं द्या, त्याच्या जातीची सोबत द्या. तेवढं नाहीच जमलं, तर निदान संध्याकाळी त्याला मोजा. काय म्हणून मोजता, याचा मला आता राग नाही.