नगराध्यक्षांचा घोट

थोरली दातांची डॉक्टर आहे, हे आई कुणी न विचारताच सांगायची. धाकटीचं विचारलं तर "पाण्याच्या खात्यात आहे" एवढंच म्हणायची आणि पुन्हा थोरलीवर यायची.

धाकटी शहराच्या सांडपाणी केंद्रात रसायनतज्ज्ञ होती. मोऱ्या आणि संडासांतून येणारं पाणी साफ करून नदीत सोडायचं, हे केंद्राचं नेहमीचं काम. गेलं वर्षभर मात्र तिथे एक चाचणी चालू होती. त्यातलं थोडं पाणी पुढे आणखी शुद्ध करायचं, इतकं की ते पिता यावं. आधी केसाहून बारीक छिद्रांच्या नळ्यांतून, मग जबर दाबाने पडद्यांतून, शेवटी अतिनील दिव्यांखालून. प्रत्येक टप्प्यावर नमुना घेऊन त्यात काय उरलंय ते धाकटीने शोधायचं. जंतू, साबण, औषधांचे अंश, लोकांनी सकाळी घेतलेली कॉफी. शेवटच्या नळाशी यातलं काहीच सापडत नव्हतं. आणि काही सापडत नाही हे पटवून द्यायलाच सगळ्यात जास्त घाम गाळावा लागत होता.

हे सगळं तिने आईला समजावून सांगितलं होतं. आई निवृत्त शिक्षिका. तिने शांतपणे ऐकून घेतलं, दोन चांगल्या शंका विचारल्या, आणि तेव्हापासून धाकटीकडे येताना ती आपल्या घरचं पाणी बाटलीत भरून आणू लागली.

"आई, ते पाणी अजून कुणाच्याच नळाला येत नाही."

"आलं तर तू सांगशीलच असं नाही."

"मी कधी खोटं बोलले का तुझ्याशी?"

"खोटं नाही गं. कामाच्या नादात विसरतेस तू."

पुढे नागरिकांना केंद्र दाखवायचा दिवस ठरला. नगराध्यक्ष सर्वांसमोर ग्लासभर पाणी पिणार होते. आई येणार नव्हती, पण नगराध्यक्षांचं नाव ऐकताच म्हणाली, "तो? दुसरीत माझ्या वर्गात होता. येते मी."

यंत्रांच्या दालनात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. केंद्राचे मुख्य अभियंते, ज्यांना सगळे साहेब म्हणत, सकाळपासून एकच ग्लास पुसत होते. नगराध्यक्षांनी पाण्यावर लांबलचक भाषण केलं. मग साहेबांनी नळ सोडून ग्लास भरला. नगराध्यक्षांनी तो उजेडात धरला, डोळे मिटले आणि तोंडाला लावला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

पहिल्या रांगेतल्या वार्ताहर बाईंनी विचारलं, "चव कशी आहे?"

नगराध्यक्षांनी मान डोलावली.

"म्हणजे कशी?"

त्यांनी अंगठा वर केला.

"घरी रोज प्याल?"

त्यांनी छातीवर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. आता सगळ्यांच्याच लक्षात येऊ लागलं होतं. नगराध्यक्षांचे गाल टम्म फुगले होते आणि गळा जागचा हलला नव्हता. साहेबांनी ग्लास पुसायचं फडकं कपाळावरून फिरवलं. धाकटीला वाटलं, आपली वर्षभराची मेहनत या माणसाच्या दोन गालांत अडकून पडली आहे.

"गीळ."

आवाज तिसऱ्या रांगेतून आला. तो मोठा नव्हता, त्याला तशी गरज कधी पडलीच नव्हती. नगराध्यक्षांचा गळा खालीवर झाला.

"शाळेतही घास असाच गालात धरून बसायचास," आई म्हणाली. "आता सांग, बाईंनी काय विचारलं?"

नगराध्यक्ष हात मागे बांधून ताठ उभे राहिले. "चव नाही, बाई."

"पूर्ण वाक्यात."

"या पाण्याला काहीही चव नाही."

दालनभर हशा पिकला. तो ओसरल्यावर वार्ताहर बाई मागे वळल्या. "आणि बाई, तुम्ही? तुम्ही प्याल का हे पाणी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आईच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून बाटलीचं बूच डोकावत होतं. 

"कुणावर जबरदस्ती नाही," धाकटी घाईघाईने म्हणाली. "ज्यांना नको असेल त्यांनी..."

"तू गप्प बस," आई उठत म्हणाली. चालत नळापाशी आली आणि वार्ताहर बाईंना म्हणाली, "ही माझी मुलगी. इथली रसायनतज्ज्ञ. लिहून घ्या."

धाकटीने वेगळा ग्लास भरून दिला.  आईने एरंडेल घ्यावं तसा चेहरा करून एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग ग्लास रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. दुसरा ग्लास संपल्यावर तिने तिसराही घेतला.

"तो म्हणतो ते खरं आहे," ती म्हणाली. "अगदीच सपक लागतं."

"पडदे क्षारसुद्धा काढून टाकतात," धाकटी म्हणाली. "लोकांना द्यायच्या आधी ते परत घालायचे आहेत. ती चाचणी बाकी आहे."

"मग ती कर आधी. द्यायचं तर धड द्यावं." मग तिने नगराध्यक्षांच्या ग्लासाकडे पाहिलं. त्यात अर्धं पाणी उरलं होतं. त्यांनी ते संपवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो आईचाच. पण आदल्या संध्याकाळी, लोक खुर्च्या सरकवून निघत होते तेव्हा, ती धाकटीजवळ येऊन हळूच म्हणाली, "संडास कुठे आहे गं?"

"त्या दाराने डावीकडे."

"इथलं पाणीही तुमच्याकडेच येतं?"

"इथलं तर थेट येतं."

"बरं," आई पिशवी तिच्या हातात देत म्हणाली. "आलेच मग. तेवढाच तुला हातभार."