सगळ्यांसमोर दिलेली साक्ष

मांडणीवरून झाकण घरंगळलं आणि फरशीवर कितीतरी वेळ गरगरत राहिलं. घरात कुणी बोलत नव्हतं, म्हणून ते फारच मोठं वाजलं. हन्ना दचकली, आणि तिनं आधी झाकणाकडे नाही, पप्पांकडे पाहिलं. अभिमन्यू आरशापुढे भांग पाडत होते. भांग पाडतच राहिले. मग पोरीनं श्वास सोडला.

बुधवारी ते होटगीहून ड्यूटी करून आले तेव्हा भाकरी गार झाली होती. हातातला जेवणाचा डबा त्यांनी भिरकावला, तो माझ्या कोपरावर बसला. त्यानंतर नळाला पाणी आलंय, चावी कुठाय, एवढंच बोलणं. धाकट्याचे दात येताहेत, रात्रभर झोप नाही. रागवायलाही अंगात बळ लागतं.

आज प्रभुभोजनाचा रविवार. मनात कुणाविषयी अढी ठेवून भाकर आणि प्याला घ्यायचा नाही, हे आईनं लहानपणीच अंगवळणी पाडलेलं. सकाळपासून मी वाट बघत होते, त्यांनी एकदा म्हणावं, 'चुकलं.' मी लगेच सोडून देणार होते. खरंच.

चर्चमध्ये साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ आली आणि तेच उभे राहिले.

"बुधवारी मी बायकोवर हात उगारला," त्यांचा आवाज भरून आला. "काल गुडघे टेकले, पश्चात्ताप केला. प्रभूनं मला क्षमा केली. मी मोकळा झालो!"

"आमेन! हालेलुया!" पास्टरांनी त्यांना मिठी मारली.

शेजारच्या तानामावशीनं डोळे पुसत माझा कोपर दाबला, नेमका तोच. "नशीब काढलंस की गं पोरी! आमचं म्हातारं मरंपतुर चुकलो म्हनलं न्हाय. आता वर देवानंच कान धरला आसंल."

अभिमन्यू बाकावर येऊन बसले. चेहरा कसा हलका झालेला. मी हळूच विचारलं, "माझ्याशी काही बोलायचं राहिलंय का?"

"सांगितलं की आता, सगळ्यांसमोर."

रागानं नाही म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं, झालं म्हणून. तेच मला जड गेलं.

भाकरीचं तबक आलं. त्यांनी तुकडा घेतला, डोळे मिटले. मग तबक माझ्यापुढे. घ्यावं तर मन साफ नाही. न घ्यावं तर सगळी मंडळी म्हणणार, देवानं माफ केलं, हिलाच काय झालंय? क्षमा करायची होती हो मला. पण कुणी मागितलीच नाही, तर ती कुणाच्या हातात ठेवू?

मी तबक तसंच तानामावशीकडे सरकवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

हन्ना माझ्या मांडीला टेकून सगळं पाहत होती. चवड्यांवर उभी राहून तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मम्मी, पप्पा देवाला सॉरी म्हणाले ना? देवालापण लागलं होतं का?"