लाल पलंगपोस

बाबांच्या छातीत कळ आली तशी मी रुग्णवाहिकेला फोन केला. "टुरिस्ट बसच्या मागे अडकलोय बाई, त्यांना खाली वेशीपर्यंत आणा," ड्रायव्हर म्हणाला. आणा म्हणे! एकशे चाळीस पायऱ्या, आणि मी एकटी.

दक्षिण इटलीत, पुलिया प्रांतातल्या आमच्या या टेकडीवरच्या गावात आईच्या लग्नातला रेशमी पलंगपोस वर्षातून एकदाच, संताच्या मिरवणुकीला, बाल्कनीवर टाकायचा. एरवी कधी दिसला की गल्लीनं समजायचं, या घरावर संकट आलंय. लहानपणी मी पाहिलंय, आजाऱ्याला बसवून खाली न्यायला चार माणसं खुर्ची घेऊन धावत यायची.

मी तो बाल्कनीवर टाकला आणि ओरडले, "कातालदोकाका! नुन्त्सियो!"

"पाल्मा, वेडी का गं तू?" बाबा आतून कण्हले. "कातालदो गेला मुलीकडे मिलानला. नुन्त्सियोला पुरून वर्ष झालं. त्यांच्या घरांत आता भाड्यानं टुरिस्ट पाहुणे राहतात."

ते पाहुणेच खाली थांबले होते, टोप्या घालून. "खुर्ची आणा! माणूस मरतोय इथं!" मी दोन्ही हात हलवून किंचाळले. माझी भाषा त्या मेल्यांना कुठली कळायला! तेही हसून हात हलवायला लागले. एका बाईनं नवऱ्याला पलंगपोसाखाली उभं केलं आणि फोन वर धरला.

आत बाबांचं कण्हणं थांबलं.

मी पलंगपोस ओढायला लागले, तर ती बाई खालून बोटानं खुणावू लागली: एक मिनिट, राहू दे.