फेरी मोडून दिलेला पेला

दंतवैद्यकाच्या कॉलेजसमोर फाबिओलावर अंड्यांचा मारा चालला होता. शेवटचा पेपर सुटला की रोसारिओ शहरात मित्रमंडळी असाच सत्कार करतात, अंडी आणि वर पीठ. मिर्ता बेर्गोन्सी समोरच्या फुटपाथवरून चालली होती. तिला पाहताच ती चिकट पोर रस्ता ओलांडून आली आणि तिनं मिठीच मारली.

"हे सगळं तुझ्यामुळे! तू सांगितलंस म्हणून मी दंतवैद्यक निवडलं."

"मी? मी कुणाला काही सांगत नाही."

मिर्ताच्या लेखी ते अगदी खरं होतं. शाळा संपलेल्या मुलांना पुढे काय करायचं ते ठरवायला मदत करणं हे तिचं काम. चाचणी घ्यायची, गुणांची बेरीज करायची आणि माणूस कामाला जुंपून मोकळं व्हायचं, असं करणाऱ्यांना ती सरळ नावं ठेवायची. मुलांना गटात बसवून, माते हा कडवट पाल्याचा चहा एकाच पेल्यातून पाळीपाळीनं फिरवत बोलतं करावं, आपण मूग गिळून बसावं, निवड त्यांची त्यांनी करावी. या बाबतीत तिला स्वतःचा जरा जास्तच अभिमान होता.

"तोंडानं नाही गं सांगितलंस!" फाबिओला हसत सुटली. "गटात माते फिरायचा ना? मी सेलो वाजवायचं म्हटलं की तू किटली घेऊन पाणी तापवायला उठायचीस. दात म्हटलं त्या दिवशी मात्र फेरी मोडून पेला मला दिलास. ताजा, फेसाळ! दुसऱ्याची पाळी होती, तो बघतच राहिला. आम्हा सगळ्यांना कळायचं. बाहेर आल्यावर पैजा लागायच्या, आज कुणाला मिळणार म्हणून."

मिर्ताला हसू आलं नाही. ती तरातरा आपल्या कामाच्या खोलीवर आली, ब्लाउजवरचं पिवळा बलक पुसला आणि येरझाऱ्या घालू लागली. किती जणांना असा पेला दिला असेल? आज सल्ल्यासाठी येणारी सेलिना यायची होती आणि प्रवेशअर्ज संध्याकाळी बंद होणार होते. इथं राहून हिशेबनीस व्हायचं, की सांता फे शहरात जाऊन नदीतल्या माशांचं शास्त्र शिकायचं, यावर पोरीचं तीन महिने घोडं अडलं होतं.

सेलिना आली तेव्हा मिर्तानं किटली कपाटात ठेवली होती आणि हात मांड्यांखाली दाबले होते.

"आज माते नाही?"

"नाही."

"का? माझं काही चुकलं?"

"तू अजून काही बोललीच नाहीस."

"म्हणजे..." सेलिनाची नजर मिर्ताच्या चेहऱ्यावरून हलेना. "समजा, हिशेब घेतले." थांबली. बघितलं. "किंवा समजा, मासे." परत बघितलं.

 मिर्ताला भुवई हलवायची सोय नाही, श्वास सोडायची सोय नाही. पोरगी स्वतःच्या मनात काही शोधतच नव्हती. ती तीन महिने फक्त मिर्ताचा चेहरा वाचत होती.

"हिशेब," मिर्ता एकदम म्हणाली. "तू हिशेबनीस व्हावंस असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय. नोकरी मिळेल, घर जवळ राहील. मला तुझी काळजी वाटते, बाकी काही नाही. घे, सांगून टाकलं."

सेलिना थक्क झाली. "तू असं सांगायचं नसतं ना?"

"नसतं. पण मी गप्प होते तरी तू ऐकतच होतीस."

"आई हेच म्हणते! अगदी हेच!" सेलिनाचे कान लाल झाले. "आणि मी मूर्खासारखी इथं येऊन बसते, तुला विचारायला! अर्जात मी काय भरणार ते आता तुला सांगणारसुद्धा नाही." तिनं पिशवी ओढली आणि दार आपटून निघून गेली.

मिर्ता बाल्कनीत धावली. आजवर प्रत्येक मूल जिना उतरताना पुढे काय करणार, हे तिला ठाऊक असायचं. आज काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिला भीती वाटली. खाली सेलिना कोपऱ्यावर थांबली आणि तिनं वळून वर पाहिलं. मिर्ताच्या ओठांवर हाक आली. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पाठ फिरवली.