बागेला भेटायला

"माझ्या मरणाला तरी एवढी माणसं येतील का, कोण जाणे," कपबशा विसळता विसळता सासूबाई पुटपुटल्या. मोरीशी आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून बसलेल्या, म्हणून मला ऐकू आलं. "आणि आली, तर कोरा चहा दे त्यांना. दुधाचा नको."

"देईन. साखरही बेतानंच घालीन."

"घाल. तुझ्या भरवशावर मरायचं म्हणजे अवघडच हाय."

बाहेर ओट्यावर पुन्हा कुणीतरी चपला काढल्या. मी आधण वाढवलं.

आमच्या निफाडच्या बाजूला द्राक्षबाग पडली की लोक भेटायला येतात. माणूस गेल्यावर येतात तसेच. येतात, टेकतात, थोडा वेळ जमिनीकडे बघतात. कुणी पोरांच्या परीक्षा काढतो, कुणी मोटारीचा बिघडलेला स्टार्टर. चहा पिऊन झाला की मग हळूच विचारतात, "किती वर्षांची होती?"

"बारा."

"म्हणजे ऐन उमेदीतली."

पहिल्या दिवशी शेजारच्या चिमणाबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या. "चूल पेटवली नसशील," म्हणाल्या. गॅसवर माझी डाळ शिजत होती. मी गॅस बंद केला आणि भाकरी घेतली.

वादळ संध्याकाळचं आलं. फेब्रुवारी असून दिवसभर वैशाखासारखं उकडत होतं. मग पिंपळगावच्या अंगाला आभाळ पिवळट झालं आणि वाऱ्यासकट गारा आल्या, त्याही आडव्या. चिमणाबाईंच्या गोठ्याचे पत्रे शाळेच्या मैदानात सापडले आणि शाळेचे अजून सापडायचे आहेत. सकाळी चिंचेखाली मेलेल्या पोपटांचा हिरवा सडा होता. गारांनी सगळ्यांच्याच बागा फोडल्या, पण आमच्या बागेचा मांडव पेलणारे कडेचे लोखंडी अँगल वाकले. वर भरलेले घड. त्या वजनानं एक ओळ कलंडली, ती दुसरीवर, दुसरी तिसरीवर. अख्खा मांडव जमिनीवर निजला. व्यापारी आदल्याच दिवशी मणी चाखून गेला होता. सोमवारी तोडणी सुरू व्हायची होती.

पडलेली बाग उभी करता येते, नाही असं नाही. जॅक लावायचा, बांबूचे टेकू द्यायचे, तारा पुन्हा ताणायच्या. खोड धड असेल तर वेल जगते. आमची खोडं कलमाच्या सांध्याशी पिळवटून फाटली होती. पण पानं हिरवीगार होती. वेलीचं हेच वाईट. तिचं काय झालंय ते पानांना बऱ्याच उशिरा कळतं.

येणारा प्रत्येक जण ती हिरवी पानं बघायचा आणि निघताना म्हणायचा, "उभी राहील हो, गोरक्षभाऊ. धीर सोडू नका." माणसं चांगली होती. दुसरं काय म्हणणार? पण ते जे बोलून जायचे, ते उचलायला आमचे हे बागेत जायचे.

ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन दिवाळीच्या आधी झालेलं. नाशिकच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, पुन्हा नस दबली तर पाय जाईल. हे मान डोलावत होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, "डॉक्टरला शेती नसंल." आता कमरेला पट्टा आवळून ते जॅकचा दांडा फिरवत होते. आमचा शेखर सातपूरच्या कंपनीतून रजा टाकून आला होता. चार गडी लावले होते. दिवसभरात दोन ओळी वर यायच्या, आणि सकाळी बघावं तर त्यातली अर्धी पुन्हा गुडघ्यावर आलेली.

"तुम्ही सावलीला बसा, पप्पा, आम्ही करतो," शेखर म्हणायचा.

"बसतो ना. एवढी ओळ होऊ दे."

एवढी ओळ काही कधी व्हायची नाही.

काल दिवस मावळताना हे घरी आले. ओट्यापाशी उभे राहून डाव्या पायातली चप्पल काढली आणि उजवी काढायला वाकले, तर उजवी पायात नव्हतीच. ती कुठे निसटली, ते पायाला कळलंच नव्हतं. बागेपासून घरापर्यंत काट्याकुट्यातून एक पाय अनवाणी आला होता. टाचेतून रक्त येत होतं. हे टाचेकडे असे बघत राहिले, जशी काही ती कुणा दुसऱ्याची आहे.

"राहिली असंल बांधावर," सासूबाई म्हणाल्या.

"असंल," हे म्हणाले.

मी बॅटरी घेऊन चप्पल आणायला गेले. पाचव्या ओळीत चिखलात रुतलेली मिळाली. तिथेच, कुणी बघत नाही म्हणून, मी एका खोडाची साल नखानं खरवडली. आत हिरवं असलं की वेल जिवंत, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. आत तपकिरी होतं. दुसऱ्या खोडाकडे वळले, तर ते आधीच खरवडलेलं. उंचावर, शेखरच्या हाताला येईल इतक्या. त्याच्या पुढचं अगदी बुडाशी खरवडलेलं होतं, बसून बसून सरकणाऱ्या माणसाच्या हाताला येईल असं. सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्या रानात बसून सरकतच खुरपतात.

मी चप्पल धुतली आणि घरी आणून ठेवली.

जेवताना शेखरला विचारलं, "काय वाटतं रे?"

"होईल, मम्मी," तो ताटात बघून म्हणाला. सासूबाईंनी आमटी वाढून घेतली, जी त्यांना आवडत नाही.

तर आज ओट्यावर चपला काढणारा माझा धाकटा भाऊ होता, गोटीराम. त्याची घोटीजवळ भातशेती. द्राक्षातलं त्याला काही कळत नाही. बाग म्हटली की त्याला नारळाचं झाड डोळ्यांसमोर येतं. हे उंबऱ्याजवळच्या खांबाला टेकून, पाय लांब करून बसले होते. टाचेला पट्टी. शेखर बाजूला. गडी बागेकडे जायच्या तयारीत.

गोटीरामनं रीतीप्रमाणे जमिनीकडे बघून घेतलं. चहा घेतला. आणि बशी खाली ठेवताना त्याची पिशवी लवंडली. आतून नवा पांढरा टॉवेल बाहेर आला, आणि त्याच्या घडीवर ठेवलेली पांढरी टोपी.

माणूस गेला की बायकोच्या माहेरचे घरधन्याला टॉवेल-टोपी घेऊन येतात. दुखवटा म्हणतात त्याला. तो घेतला की झालं ते झालं, असं मानायचं असतं.

"अरे, हे काय आणलंस?" मी दबक्या आवाजात म्हटलं.

गोटीरामचा चेहरा पडला. "अक्का, तुझी भावजय म्हणाली, असं कसं हात हलवत जायचं? मला काय ठाऊक, बागेच्या वेळी काय नेतात? आमच्याकडं भात आडवा झाला तर कुणी कुत्रंसुद्धा भेटायला येत नाय." त्यानं टॉवेल पिशवीत कोंबायला घेतला. "दाजी, दुसरं काय नाय, आपला आहेर समजा. परत नेतो मी."

"इकडं आण," हे म्हणाले.

टोपी हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली. आत अंगठा फिरवला. बांधावरून एका गड्यानं हाक मारली, "भाऊ, जॅक लावायचा का?"

"आलो," हे म्हणाले आणि खांबाला धरून उठायला लागले. डावा पाय उठला. उजवा तिथेच राहिला. शेखरनं काखेत हात घालून धरलं.

"थांबा, पप्पा."

"आरं, एवढी ओळ होऊ दे." मग टोपी वर धरून गोटीरामला विचारलं, "आणि ही कुणासाठी आणली? मेलं कोण आमच्यात?"

गोटीराम माझ्याकडे बघायला लागला. मी शेखरकडे. शेखर आपल्या नखांकडे.

आतून सासूबाई बसून सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत आल्या. हातात ओली कपबशी तशीच. उंबरा ओलांडायला त्यांना वेळ लागतो, म्हणून तिथूनच त्यांनी हात लांब केला, लेकाच्या हातातली टोपी घेतली, आणि त्याला ओढून खाली बसवून त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"बाग मेली, गोरक्ष," त्या म्हणाल्या. "तुझी बाग मेली. मी रोज बघून येते."